वर्कशॉपमध्ये साप शिरला आणि दिसेनासा झाला, तर

प्रश्न थोडक्यात असा. घराला लागून असलेल्या शेडमध्ये सुतारकामाचं छोटं वर्कशॉप आहे. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा साधारण तीन फुटांचा तपकिरी साप टेबल सॉच्या मागून प्लायच्या थप्पीखाली शिरताना दिसला. रात्रभर दार बंद ठेवलं. सकाळी खिडकीतून टॉर्च मारला तर कुठेच काही नाही. आत जायचं का, थप्पी हलवायची का, डांबरगोळ्या टाकल्या तर निघून जाईल का, आणि तो गेला हे कळणार कसं?

सगळ्यात आधी: थप्पीला हात लावू नका. ती हलवावी लागेल, पण आज नाही आणि एकट्याने तर अजिबात नाही. मी सापांच्या कॉलवर जातो आणि स्वतः लाकूडकामही करतो, त्यामुळे तुमची शेड न पाहताही आत काय काय आणि कसं रचलेलं असेल याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे. वर्कशॉपमधला धोका तिथल्या आडोशांमुळे वाढतो. बैठकीच्या खोलीत साप शिरला तर सोफा आणि कपाट सोडून त्याला फारशी जागा नसते. वर्कशॉपमध्ये फूटभर जागेत दहा सांदी असतात आणि आपल्याला तिथे न बघता हात घालायची सवय असते. बेंचखाली हात घालून क्लॅम्प ओढून घ्यायचा, फळ्यांच्या मागून उरलेला तुकडा चाचपायचा, हे आपण दिवसातून कितीदा करतो. दंश होतात ते अशाच वेळी. साप शोधणं हे तुमचं काम नाही. जिथे नजर पोहोचलेली नाही तिथे हात किंवा पाय जाऊ द्यायचा नाही, तो घराच्या आत येणार नाही एवढं बघायचं, आणि बाहेर जायची त्याची वाट मोकळी ठेवायची. एवढं सांभाळलंत तर पुढचं बरंचसं आपोआप सोपं होतं.

साप दिसतोय तोपर्यंत काय करायचं हेही सांगतो, कारण पुढच्या वेळी उपयोगी पडेल. एका माणसाने दोन-अडीच मीटरवर थांबून नुसती नजर ठेवायची आणि दुसऱ्याने फोन करायचा. बहुतेक घरांत सगळेच एकदम धावत बाहेर येतात. मदतीला माणूस पोहोचतो तेव्हा साप कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग दहा मिनिटांच्या कामाला तीन तास लागतात. शक्य असेल तर मोबाइलचा झूम वापरून फोटो काढा. फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नका.

आता तो दिसत नाहीये, म्हणून आधी घर सुरक्षित करा. शेडमधून घरात उघडणारं दार असेल तर त्याच्या खालच्या फटीत ओलं गोणपाट किंवा जाड टॉवेल घट्ट कोंबा. खिडकीतून जाणारी वायर, पाइपसाठी पाडलेलं भोक, बेसिनची मोरी, सगळं बघा. ज्या भोकातून सापाचं डोकं जातं त्यातून उरलेला साप जातो, त्यामुळे ‘एवढ्याशा फटीतून कसा येईल’ हा विचार सोडून द्या. मुलं आणि पाळीव जनावरं त्या बाजूला जाणार नाहीत हे बघा. कुत्रं असेल तर बांधून ठेवा; सापाचा माग ते तुमच्या आधी काढेल आणि दंशही तेच खाईल.

दुसरी गोष्ट मशीनची. आत कुठलंही मशीन चालू करू नका. आवाजाने आणि हादऱ्यांनी साप पळून जाईल असं वाटतं, पण हादरे जाणवले की तो उलट आणखी खोल सांदीत सरकतो. टेबल सॉच्या कॅबिनेटमध्ये मोटरच्या खाली भुशाचा ढीग साचलेला असतो. ती जागा अंधारी, कोरडी, मऊ आणि काम झाल्यावर बराच वेळ कोमट असते. साप तिथे असताना बेल्ट फिरला तर काय होईल हे सांगायला नको. जखमी साप हा सगळ्यात बेभरवशाचा साप. म्हणून टेबल सॉ, बँड सॉ, डस्ट कलेक्टर, कंप्रेसर यांचा पुरवठा बाहेरच्या मेन स्विचवरूनच बंद करा. दिव्यांचं सर्किट वेगळं असेल तर ते राहू द्या.

कुठे असू शकतो? थप्पीखाली शिरला म्हणून तो थप्पीखालीच आहे असं धरून चालू नका. साप मोकळ्या जमिनीवरून जायला बिचकतो; अंगाची एक बाजू भिंतीला किंवा वस्तूला टेकवून सरकणं त्याला सुरक्षित वाटतं. त्यामुळे रात्रीत तो भिंतीच्या कडेकडेने शेडच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असू शकतो. मशीनच्या स्टँडचे चौकोनी पाइप बघा, त्यांची टोकं बहुतेक वेळा उघडी असतात आणि ही जागा कुणाच्या लक्षात येत नाही. डस्ट कलेक्टरचा होज, ड्रॉवरच्या मागची मोकळी जागा, पेगबोर्ड आणि भिंत यांच्यातली फट, पुसायच्या चिंध्यांचा ढीग, जमिनीवर ठेवलेले हातमोजे आणि बूट हेही संशयित धरा. आणि वरही बघा. कवड्या साप खडबडीत भिंतीवरून सहज चढतो. तो दाराच्या चौकटीवर किंवा पत्र्याखालच्या वाशावर सापडण्यात काहीच नवल नाही.

साप कुठला असेल, यावर थोडं सविस्तर लिहितो. तीन फुटी तपकिरी या वर्णनात तस्कर बसतो, लहान वयाची धामण बसते, नाग बसतो आणि घोणसही बसते. नाग फणा काढतो तो अडवल्यावर. पळून जाणारा नाग फणा मिटलेलाच असतो आणि अंधुक उजेडात तो धामणीपेक्षा वेगळा ओळखू येत नाही. म्हणून ‘फणा नव्हता, म्हणजे नाग नव्हता’ हा निष्कर्ष काढू नका. घोणस जाडजूड असते, शेपूट आखूड, आणि पाठीवर साखळीसारख्या गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. तिला डिवचलं तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. पण डुरक्या घोणस नावाचा बिनविषारी सापही दिसायला तिच्याजवळ जातो, आणि अजगराच्या पिल्लाला लोक घोणस समजतात, तसंच घोणशीला अजगर समजून उचलतातही. हा शेवटचा गोंधळ जिवावर बेततो. मण्यार काळी-निळसर, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे. हे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. फुरसं लहान असतं, फूट-दीड फुटाचं, पण वेटोळं घालून अंगाचे खवले एकमेकांवर घासतं आणि खरखर असा आवाज काढतं.

हे सगळं सांगितलं ते तुम्ही फोनवर वर्णन नीट करावं म्हणून. ‘बिनविषारी दिसतोय, उचलतो’ असं ठरवण्यासाठी नाही. खात्री पटेपर्यंत प्रत्येक साप विषारी धरायचा. साप लहान आहे म्हणूनही ढिलाई करू नका. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच त्याच्याकडे विष असतं, आणि घोणस तर थेट पिल्लांनाच जन्म देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. पावसाळ्याच्या तोंडावर शेडमध्ये एक पिल्लू दिसलं तर आणखी असतील असं समजून वागा.

आता डांबरगोळ्या. त्यांचा उपयोग नाही. गंधकाचाही नाही. दोन्ही पदार्थ सापांवर तपासून पाहिले गेलेत आणि साप त्यांच्यावरून निवांत सरकत गेलेत. अल्ट्रासॉनिक यंत्रांचंही तेच: सापाला ऐकू येतात ते खालच्या पट्टीतले आवाज, ही यंत्रं काढतात तो आवाज त्याच्या कक्षेतच नाही. फिनाईल किंवा रॉकेल मात्र सापाच्या अंगावर पडलं तर त्याला भयंकर त्रास होतो. तो सैरावैरा धावतो, म्हणजे जिथे तुम्हाला तो नको आहे तिथेच येतो. आणि वर्कशॉपमध्ये रॉकेल शिंपडणं किंवा धूर करणं हा वेगळाच धोका आहे. भुसा, थिनर, पॉलिश, चिंध्या… साप राहील बाजूला आणि शेड पेटेल. उंदरांसाठी मिळणारे चिकट पॅडही सापासाठी लावू नका. साप त्याला अर्धवट चिकटतो, तडफडतो, आणि मग त्याला सोडवणं हे पकडण्यापेक्षा कठीण होतं.

त्यापेक्षा तुमच्याच शेडमधली एक गोष्ट फार कामाची आहे: सँडिंगची बारीक धूळ. दिवसा, भरपूर उजेडात, घोट्याच्या वरपर्यंतचे जाड बूट घालून, दारात एक माणूस उभा करून आत दोन-तीन पावलं जा. जाताना पाय आपटत जा. जमिनीतले हादरे सापाला चांगले कळतात आणि तो तुमच्यापासून लांब राहील. थप्पीच्या जवळ न जाता, दीड-दोन मीटर अलीकडे, मोकळ्या जमिनीवर हातभर रुंद पट्टा पसरा. दुसरा पट्टा बाहेरच्या उंबऱ्यावर. धूळ नसेल तर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर चालेल. पीठ नको, कारण पिठाला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. पट्टा पातळ हवा, चाळणीतून भुरभुरल्यासारखा; जाड थरात खूण ढासळते.

सकाळी त्यावर टॉर्च आडवा धरून बघा, वरून नाही. आडव्या उजेडात बारीकशी खूणही सावली टाकते. सापाची खूण म्हणजे अखंड पट्टी, बहुतेक वेळा वळणावळणाची, तिच्या बाजूला पावलांचे ठसे नसतात आणि वळणांच्या बाहेरच्या कडेला धूळ किंचित ढकललेली दिसते. घोणशीसारखा जड साप सावकाश जाताना जवळपास सरळ पट्टीही सोडतो. उंदराची शेपूटही रेघ ओढते, पण ती दोऱ्याइतकी बारीक असते आणि दोन्ही बाजूंना इवल्या पावलांचे ठसे असतात. पालीची खूणही अशीच, ठश्यांसकट. एकदा बघितलं की फरक डोळ्यांत बसतो.

हे केल्यावर संध्याकाळी बाहेरचं दार उघडून ठेवा, आतले आणि दाराबाहेरचे दिवे बंद करा, आणि लांब जा. दारासमोर उभं राहून वाट बघत बसलात तर तो बाहेर येणार नाही. शांत, अंधारी, मोकळी वाट मिळाली तर बरेच साप स्वतःहून निघून जातात. धामण दिवसा हिंडते, मण्यार आणि घोणस मुख्यतः रात्री, नाग दोन्ही वेळी. म्हणून संध्याकाळचे काही तास आणि सकाळचे काही तास, दोन्ही वेळा दार उघडं ठेवलेलं बरं. रात्रभर सताड उघडं ठेवू नका, एक गेला आणि दुसरा आला असं व्हायला नको. आतला आणि उंबऱ्यावरचा, दोन्ही पट्टे एकाच रात्रीत ओलांडलेले दिसले तर तो गेल्याची शक्यता चांगली आहे. मग दार बंद करून आत नव्याने धूळ पसरा आणि आठवडाभर रोज बघा. खूण नाही उमटली तरी लगेच निर्धास्त होऊ नका. उंदीर गिळलेला किंवा कात टाकायच्या बेतात असलेला साप कितीतरी दिवस जागचा हलत नाही.

थांबायची तयारी नसेल, किंवा साप विषारी असल्याचा संशय असेल, तर जाणकाराला बोलवा. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिथून नोंदणी असलेल्या सर्पमित्राशी संपर्क होऊ शकतो. येणाऱ्या माणसाकडे हुक, नळी आणि पिशवी आहे का बघा. तो सापाला गळ्यात घालून फोटो काढू लागला, किंवा तुम्हाला हात लावायला सांगू लागला, तर तो माणूस बरोबर नाही; सरळ नकार द्या. चांगला सर्पमित्र सापाला हात कमीत कमी लावतो. नळीचं तोंड भिंतीलगत ठेवतो आणि साप स्वतःच त्या अंधारात शिरतो. साप मारायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मारायला जाणं हाच दंश होण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. तुटलेलं डोकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं. डूख धरून साप परत येतो वगैरे काही नसतं, तेव्हा जिवंत सोडल्याची भीती बाळगू नका.

थप्पी उपसायची वेळ येते तेव्हा आम्ही काय करतो तेही वाचा, कारण साप गेल्याची खात्री वाटत असली तरी पहिली आवराआवर तुम्ही याच पद्धतीने करायला हवी. दारापासून सुरुवात करायची आणि आतल्या दिशेने जायचं, म्हणजे आपली परतीची वाट कायम मोकळी राहते. वस्तू उचलायच्या नाहीत. लांब दांड्याच्या आकडीने आधी ओढायच्या, मग थांबायचं, टॉर्चने बघायचं. प्लायचा बोर्ड आडवा पडला असेल तर आपल्या जवळची कड उचलायची नाही. दूरची कड आकडीने पकडून आपल्याकडे उभी करायची. असं केलं की फट उघडते ती पलीकडच्या बाजूला, आणि बोर्ड तुमच्या आणि सापाच्या मध्ये ढालीसारखा उभा राहतो. जवळची कड उचललीत तर खालचा साप थेट तुमच्या नडग्यांसमोर असतो. एवढी एकच सवय लावून घेतली तरी आयुष्यभर उपयोगी पडेल. शेतातला दगड असो की अंगणातला पत्रा.

दंश झालाच तर. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. यातली कितीतरी माणसं वेळेत दवाखान्यात पोहोचली असती तर वाचली असती, म्हणून हा भाग नीट वाचा. माणसाला खाली बसवा किंवा झोपवा, चालू देऊ नका. अंगठी, घड्याळ, कडं काढून घ्या, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा. वर्कशॉपमध्ये फळी आणि कापड दोन्ही हाताशी असतं. बांधायचं ते हलू नये म्हणून, रक्त अडवण्यासाठी नाही. करकचून आवळू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. दंशाची वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने, प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात न्या. असा दवाखाना कुठला, हे आजच विचारून ठेवा. साप पकडून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं. मण्यारीच्या दंशाला बरेचदा ना दुखणं असतं ना सूज, खूणही धड दिसत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होऊ लागतात. म्हणून ‘काही होत नाहीये’ म्हणून घरी थांबायचं नाही.

साप आला कशासाठी, हा प्रश्न उरतो, आणि उत्तर जवळपास नेहमी उंदीर हेच असतं. ड्रॉवरमध्ये काळ्या लेंड्या, कुरतडलेला होज, गोणीच्या कडेला चिंध्यांचं घरटं दिसलं तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. पिंजरा किंवा चाप लावा. विष नको, विष खाल्लेला उंदीर भिंतीत कुठेतरी मरतो किंवा सापाच्या आणि मांजराच्या पोटात जातो. चहासोबतची बिस्किटं आणि पक्ष्यांचं धान्य वर्कशॉपमधून हलवा. प्लाय आणि फळ्या जमिनीवर आडव्या रचू नका. भिंतीपासून वीतभर सोडून, जमिनीपासून निदान फूटभर उंच लोखंडी ब्रॅकेटवर ठेवा, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि टॉर्चचा उजेड आरपार जातो. आखूड तुकड्यांचा जो ढीग आपण ‘कधीतरी लागेल’ म्हणून साठवतो तो निम्मा करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या ढिगांतून मी जितके साप काढले तितके दुसऱ्या कुठल्याच कोपऱ्यातून नाही. स्टँडच्या पाइपांना प्लास्टिकच्या टोप्या बसवा, पाइपांभोवतीची भोकं सिमेंटने बुजवा, गवाक्षांना बारीक जाळी लावा. जाळीचं भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठं नको.

भेगा शोधायची सोपी युक्ती अशी: अंधार पडल्यावर आतले दिवे लावून दार बंद करा आणि बाहेरून शेडभोवती टॉर्च मारत, पायाखाली बघत एक फेरी मारा. जिथून उजेड बाहेर येतो तिथे खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी ती जागा बुजवा. सगळ्यात मोठी फट हमखास दाराखाली निघते. तिथे जमिनीला टेकणारी रबरी पट्टी लावा. मात्र ही सगळी बुजवाबुजव साप बाहेर गेल्याची खात्री झाल्यावरच करा, नाहीतर तो आतच कोंडला जाईल.